कपाटातला झेंडा आणि रविवारचा चहा

मी, खाली सही करणारी श्रीमती तनुजा इंद्रजीत निंभोरकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर, कोणाचाही दबाव नसताना आणि कसलेही औषध डोक्यात चढलेले नसताना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवते. शुद्धीबद्दल डॉ. सत्यम यांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. रविवार आहे, शाखेची बैठक आहे, लवकर आटपा, असे मी सांगितल्यावर त्यांची खात्री पटली.

व्यवसायाच्या जागी माझ्या वकील अ‍ॅड. लुबना यांनी 'घरकाम' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. या घरातले घरकाम भागूबाई करतात, आणि दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव लावणे मला मान्य नाही. 'शेती' लिहावे तर शेती शेंद्र्याच्या कारखान्यांखाली गेली. 'पक्षकार्य' लिहावे तर पक्षच हरकत घेईल. म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातली बहुतेक कॉम्रेड फारूख यांच्याशी भांडण झाल्यावर केलेली होती.

१. माझी हकीकत. माझे वडील तात्यासाहेब हे पिशोरचे मोठे बागायतदार. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी मोर्चा निघाला. मी कॉलेजातून थेट त्यात शिरले, ती अजून बाहेर आलेली नाही. पक्षाने मला उमेदवार सभासद करून घेतले. उमेदवारी एरवी वर्षभराची असते. माझी चालू आहे.

माझे यजमान इंद्रजीतराव सरकारी कंत्राटदार होते आणि स्वभावाने मोकळे होते. ते म्हणायचे, "तुमची क्रांती ठरली की मला आदल्या दिवशी सांग, मी गाडी आत घेतो." त्यांना क्रांती पाहायला मिळाली नाही, पण गाडी मात्र पक्षाने वापरून वापरून झिजवली.

२. माझ्यावरचा आक्षेप. तो एकच आहे आणि पहिल्यापासून तोच आहे: ज्याच्याकडे बंगला आहे तो आपला कसा? आमच्या शाखेचे सचिव कॉम्रेड फारूख, वाळूजच्या एका कारखान्यातले निवृत्त फिटर, याबाबतीत फार काटेकोर. तनुजाआपांनी संपत्तीचा मोह सोडावा, असा ठराव त्यांनी एकदा मांडला. तो मंजूर झाला. त्याच बैठकीतला पुढचा ठराव असा होता की, शहागंजातले पक्ष कार्यालय गळत असल्यामुळे यापुढच्या बैठका तनुजाआपांच्या हॉलमध्ये घ्याव्यात. तोही मंजूर झाला. मोह सोडून मी हॉल कुठून आणणार, हे कोणी विचारले नाही.

माणूस जन्माने उच्च किंवा नीच ठरत नाही, हे मला पक्षानेच शिकवले. मग वर्ग तेवढा जन्माने कसा चिकटतो, हे मी फारूखभाईंना अनेकदा विचारले आहे. ते मान हलवतात आणि म्हणतात, "आपा, बात में दम है. पण उसूल म्हणजे उसूल." एवढे बोलून ते माझ्या आरामखुर्चीत पुन्हा मागे टेकतात.

ही आरामखुर्ची मी कॉम्रेड फारूख यांना देते. ऐषआरामावर त्यांनी आजवर जेवढी टीका केली ती सगळी तिच्यात बसूनच केली आहे, आणि ती खुर्ची गेली तर टीकाही थांबेल अशी मला भीती वाटते.

३. माझा मुलगा चि. प्रणय पुण्यात मोठ्या कंपन्यांना सल्ले देतो. माणसे कशी कमी करावीत हा त्याचा मुख्य सल्ला असतो. तो मला लाडाने 'लाल मातोश्री' म्हणतो, आणि मला ते आवडते हे त्याला ठाऊक आहे. बंगल्याचा वरचा मजला त्याला द्यावा. तात्यासाहेबांची तसबीर, चांदीची ताटे आणि पिशोरच्या घराण्याचा मोठेपणाही त्यालाच द्यावा. मात्र वर जाणारा जिना हॉलमधूनच जाईल. तो बदलू नये. येताजाता चार गोष्टी त्याच्या कानावर पडल्या तर त्याचे काही बिघडणार नाही.

४. हॉल आणि पुढची बाग पक्षाच्या शाखेला द्यावी. या देणगीला मी कोणतीही अट घातलेली नाही. अ‍ॅड. लुबना यांचे म्हणणे होते की, मला आधी सभासद करा आणि मग हॉल घ्या, असे लिहिले तर काम एका आठवड्यात होईल. होईल, मलाही माहीत आहे. पण मग ते सभासदत्व नव्हे, खरेदीखत. तसे मला नको आहे.

शेंद्र्याच्या जमिनीच्या मोबदल्यातून उरलेली सगळी रक्कम मोलकरीण संघटनेला द्यावी. मोबदला वाढवून मिळावा म्हणून निघालेल्या मोर्चात घोषणा देऊन माझा घसा बसला होता. दर वाढला, आणि सर्वांत जास्त जमीन माझी असल्यामुळे सर्वांत जास्त फायदाही माझाच झाला. तेव्हा फारूखभाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी अजून विसरलेले नाही. शेजारच्या लहान शेतकऱ्यांची घरे त्याच दराने उभी राहिली, हे त्यांनी पाहिले नाही. ते त्यांनी आता या कागदात वाचावे.

५. श्रीमती भागूबाई, राहणार हर्सूल. बंगल्याच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांची संपूर्ण मालकी मी त्यांना देते. त्यात चि. प्रणयचा किंवा पक्षाचा काडीचाही हक्क असणार नाही. चि. प्रणयला चहा हवा असल्यास त्याने दारावर टकटक करून विचारावे.

भागूबाई माझ्याकडे कामाला लागल्या तेव्हा त्यांच्यासारख्या बायकांना आठवड्याची सुट्टी नव्हती. मी त्यांना संघटना बांधायला सांगितले. त्यांनी बांधली, आणि पहिला संप माझ्याच फाटकावर केला. घोषणा लिहून द्यायला कोणी नव्हते, म्हणून त्या मीच दिल्या. 'रविवारची सुट्टी आमच्या हक्काची, नाही कोणाच्या बापाची' ही घोषणा सुरू झाली तेव्हा तात्यासाहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. या बायका माझे नाव का घेतात, असे त्यांनी मला आत येऊन विचारले. मी संपवाल्यांना चहा दिला, मग आत जाऊन मालक म्हणून मागणी मान्य केली, आणि बाहेर येऊन विजयाची घोषणा दिली. त्या दिवशी माझी फार दमछाक झाली.

या लढ्यामुळे भागूबाईंना पक्षाने वर्षभरात पूर्ण सभासद केले. तेव्हापासून दर बैठकीच्या रविवारी या घरात असे चालते: भागूबाई इस्त्रीची साडी नेसून पुढच्या दाराने येतात आणि हॉलमध्ये पंख्याखाली बसतात. माझ्या सभासदत्वाचा विषय निघाला की नियमाप्रमाणे मला बाहेर जावे लागते. माझ्याच घरात बाहेर म्हणजे स्वयंपाकघर. तिथे मी चहा करते. आले भागूबाई सांगतील तेवढेच घालते.

मतदान हात वर करून होते, आणि एकाचाही हात खाली राहिला तर उमेदवार पूर्ण सभासद होत नाही. कोणाचा हात खाली राहिला ते बाहेर सांगायचे नाही, असा दंडक आहे. तो हात फारूखभाईंचा, असे मी वर्षानुवर्षे धरून चालले. त्या रागात मी त्यांच्या घरच्या शिरखुर्म्याला कित्येक ईद गेले नाही. त्यांच्या पत्नी जोहराभाभींनी डबा पाठवला तर तो मी संपवला, पण तोंडाने चांगला म्हटले नाही. मग मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीचे दार वाऱ्याने उघडले आणि मला हॉल दिसला. फारूखभाईंचा हात सगळ्यांत उंच होता. भागूबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

सोमवारी त्या मागच्या दाराने कामाला आल्या तेव्हा मी सरळ विचारले. त्या भाजी निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "ताई, तुमी मेंबर झाल्या तर तुमी आत बसनार. मंग च्या कोन करनार? मलाच उठावं लागंल. आयुष्यात मला कुनी हातात च्या आनून देतं, ते ह्याच घरात, रविवारी. ते मी का म्हून सोडू?"

मला फार राग आला. संध्याकाळपर्यंत तो गेला. पुढच्या रविवारी मी चहा केला आणि त्यांच्या हातात आधी दिला. श्रीमंत माणूस खरा कॉम्रेड होऊ शकतो का, यावर मी या घरात पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, काही दिलीही आहेत. भागूबाईंनी विचारला तेवढा सोपा प्रश्न त्यात एकाही वक्त्याने विचारला नव्हता.

६. झेंडा. आमच्यात सभासद वारला की त्याच्या अंगावर पक्षाचा झेंडा घालतात, आणि चितेवर किंवा कबरीत ठेवण्याआधी तो काढून घेऊन, घडी करून पुढच्या माणसासाठी जपून ठेवतात. शाखेचा हा झेंडा कार्यालय गळत असल्यामुळे माझ्या कपाटात असतो. प्रत्येक अंत्ययात्रेनंतर तो मी हाताने धुते, सावलीत वाळवते आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवते. किल्ली माझ्याच कमरेला आहे. तरीही मी सभासद नसल्यामुळे तो मला मिळणार नाही.

मला तो हवा आहे. माझी एवढी एकच इच्छा आहे, आणि ती लिहायला मला लाज वाटत नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आक्षेप माझ्या संपत्तीचा असेल, तर या कागदाने ती माझ्या शेवटच्या श्वासाबरोबर दुसऱ्यांची होते. त्या क्षणापासून स्मशानात जाईपर्यंत माझ्या नावावर घर नसेल, जमीन नसेल, अंगावरची साडीसुद्धा प्रणयने आणलेली असेल. तेवढे काही तास माझ्याइतके निर्धन शाखेत दुसरे कोणी नसेल. म्हणून त्या तासांत मला सभासद करून घ्यावे, असा अर्ज मी या मृत्युपत्राद्वारे करते. मेलेल्या माणसाला सभासद करता येणार नाही असे पक्षाच्या घटनेत कुठेही म्हटलेले नाही. मी ती वाचली आहे. फारूखभाईंनी ती पुन्हा वाचावी.

७. त्यासाठी माझा देह हॉलमध्येच ठेवून शाखेची तातडीची बैठक घ्यावी. या विषयाच्या वेळी मला बाहेर जायला सांगू नये, कारण या वेळी मी उठणार नाही.

८. त्या बैठकीचा चहा कोपऱ्यावरच्या टपरीवरून मागवावा. म्हणजे कोणाला उठावे लागणार नाही आणि भागूबाईंना मोकळ्या मनाने मत देता येईल. त्यांचा हात तरीही खाली राहिला, तर झेंडा घडी करून कपाटात परत ठेवावा, किल्ली भागूबाईंना द्यावी आणि मला साध्या पांढऱ्या चादरीत न्यावे. त्यांच्या खोल्यांना त्याने काही बाध येणार नाही.

९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम अ‍ॅड. लुबना यांच्याकडे आहे. ज्यांना यातून काही मिळते त्यांना साक्षीदार घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यामुळे फारूखभाई आणि भागूबाई दोघेही बाद झाले. दोघांचेही चेहरे उतरले.

१०. पुरवणी. वरचा मसुदा आज बैठकीनंतर अ‍ॅड. लुबना यांनी सर्वांसमोर वाचून दाखवला. फारूखभाई चष्मा पुसत राहिले. भागूबाईंनी खोल्यांचे कलम ऐकले, झेंड्याचे ऐकले, पण टपरीचे कलम आले तेव्हा त्यांनी वाचन थांबवायला सांगितले. "त्या टपरीचा च्या मला चालत नाय. तुमाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. मग कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी च्या मी करीन. रविवार आसला तरी."

सबब, कलम आठ रद्द समजावे.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) तनुजा इंद्रजीत निंभोरकर, उमेदवार सभासद

आम्हा दोघांसमोर श्रीमती निंभोरकर यांनी हे मृत्युपत्र ऐकून, समजून व दोनदा डोळे पुसून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

साक्षीदार १: (सही) डॉ. सत्यम कुलथे
साक्षीदार २: (सही) मोतीराम गवळी, शेजारी. कोणत्याही पक्षाचा नाही, चहा घेतला.