चार ठिकाणचं पाणी

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गोड गोड लिहायची पाळी येणार नाही. या रागाच्या खाली दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मात्र माझ्या पदरची आहे. आपण शेवटचं भेटलो ते खजुरीत. तुमची तिथल्या शाळेत बदली झालेली आणि तब्येत इतकी उतरलेली, की खोलीतून अंगणात यायला तुम्हाला मध्ये एकदा भिंतीला धरून थांबावं लागलं. मी तेव्हा कमलनगरला एका अडत दुकानात पोती उचलत होतो. माझे हात बघितलेत आणि खाली मान घालून विचारलंत, "खरं सांग, त्या दिवशी म्या पाय चुकीचा ओढला का रे? माझ्यामुळं तुझं वाटोळं झालं का?" मी म्हणालो, "जाऊ द्या की सर, झालं ते झालं." जाऊ द्या म्हणणारा माणूस माफ करत असतो, आणि माफ करायचं तर समोरच्याची चूक झालेली असावी लागते. ती चूक आपलीच असं धरून तुम्ही दोन महिन्यांनी गेलात. मला एका वाक्यात ते ओझं उतरवता आलं असतं, पण मी नाही उतरवलं.

मी औरादच्या हायस्कुलात आलो तेव्हा तुम्ही तिथं ड्रिल मास्तर होतात. आमचं गाव पाच मैलांवर. बापानं घरातले देव मांजरा नदीत सोडले ते मी जन्मायच्या आधीच, त्यामुळं आम्ही बौद्ध हे मला पहिल्यापासून माहीत होतं. गावाला मात्र ते अजून नीटसं माहीत नव्हतं, किंवा माहीत असून सोयीचं नव्हतं. मी रोज शाळेला पळत येई आणि पळत जाई. एकदा तुम्ही फाटकात अडवून विचारलंत, "रोज पळत कामून येतोस रे? बस चुकती का?" मी म्हणालो, "बस न्हाईच की सर." तुम्ही इतके हसलात, की हातातली शिट्टी खाली पडली. त्याच संध्याकाळी तुम्ही मला मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी जेवायला नेलंत. तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी थबकलो. काकूंनी चुलीवरून मान वळवली आणि म्हणाल्या, "उभा कामून ऱ्हायलास? रांजण तिथं हाय, घे की तुझ्या हातानं." मी तांब्या रांजणात बुडवला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचं पाणी मी माझ्या हातानं घेत होतो, आणि तुम्ही पाटावर बसून ज्वारीची भाकरी मोडत होता, तुमच्या काही ध्यानातही आलं नाही. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आता वाटतं, सगळा घोटाळा तिथंच झाला. तुमच्या घरात जे नव्हतं ते गावातही नसेल, असं तुम्ही धरून चाललात.

मग तुम्ही मला लांब पल्ल्याला पळवू लागलात आणि पायात गोळे यायला लागले. आठ-नऊ मैल झाले की उजवी पोटरी आतून कुणी पिळावी तशी आखडायची, बोट लावलं तर दगडासारखी लागायची. तुम्ही त्या गोळ्याच्या मागं हात धुऊन लागलात. एक वही केलीत. सकाळी काय खाल्लं, ऊन किती होतं, कोणत्या दगडापाशी गोळा आला, सगळं त्यात लिहायचात. आधी चपला काढायला लावल्या, मग कॅनव्हासचे बूट आणलेत. तिळाचं तेल कोमट करून काकू वाटीत द्यायच्या आणि तुम्ही मला दोन्ही पोटऱ्या रगडायला लावायचात. शेंगदाणे-गूळ झाला, केळी झाली, आंबिलीत मीठ वाढवून झालं. भिंतीला हात लावून, टाच जमिनीवर टेकवून मला शंभर आकडे मोजेपर्यंत उभं करायचात, आणि मुलं विचारायची, "भिंत पडायलीय का रे?" तेवढ्या दिवसांत हसण्यासारखं एवढंच होतं.

आणि पाणी. दुष्काळ नुकताच सरला होता, विहिरींना पाणी आलं होतं. तुम्ही म्हणालात, पळताना पाणी पाहिजेच, घोटघोट, पण वेळेवर. सायकलवर बसून तुम्ही उदगीर रस्त्यावरची चार ठिकाणं ठरवून आलात: वेशीजवळचं एका सावकाराचं घर, पुढं एक चहाचं हॉटेल, मग एक मोटेची विहीर, आणि शेवटी एका पाहुण्यांचा मळा. सगळ्यांना सांगितलंत, माझा पोरगा पळत येईल, त्याला पाणी द्या. माझा पोरगा, एवढंच सांगितलंत. पहिल्या दिवशी पहिल्या घरी मी थांबलो. सावकारीणबाई तांब्या घेऊन ओट्यावर आल्या, चेहरा चांगला हसरा. तांब्या पुढं करता करता विचारलं, "मास्तरांचा का? घर कंचं तुमचं?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हाकलून तर मुळीच दिलं नाही. तांब्या थोडा वर उचलला आणि म्हणाल्या, "खाली बस, ओंजळ कर बाळ." मी रस्त्यात उकिडवा बसलो, त्यांनी वरून धार धरली. पाणी गार होतं. ते कोपरांवरून गळत बुटात गेलं आणि पुढचे सगळे मैल माझे बूट चिकचिक वाजत राहिले. त्यानंतर त्या चारांपैकी एकाही ठिकाणी मी थांबलो नाही.

माझा बाप म्हणायचा, घरून पोटभर पिऊन निघावं, वाटेत तहान लागू देऊ नये. आमच्या आळीत हे सगळ्यांचंच होतं. लेकरांना चालायला शिकवतात तसंच तहान मारायला शिकवत. मला वाटलं, पळतानाही ते जमेल. परत आल्यावर तुम्ही वही उघडून विचारायचात, "चारी ठिकाणी पिलास?" आणि मी म्हणायचो, "पिलो सर." तुम्ही चार खुणा करायचात. त्या वहीत बाकी सगळं खरं होतं, फक्त त्या खुणा खोट्या होत्या. आणि तुम्ही त्या सोडून बाकी सगळ्यावर संशय घेत होता. एकदा मला बिदरला एका म्हाताऱ्या वस्तादाकडं नेलंत. त्यांनी माझी पोटरी दाबून पाहिली आणि दखनीत विचारलं, "पानी पीता क्या नै बच्चा?" मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात, अगदी अभिमानानं, "पीता वस्ताद, चार जगा पीता." मी तुमच्याकडं बघत राहिलो. तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं असतं तर कळलं असतं.

सर, माझा राग इथं आहे. तुम्ही त्या वाटेवरचा दगड न् दगड पाहिलात, पण त्या चार दारांत मला पाणी कसं देतात ते कधी विचारलं नाहीत. कसं सुचणार? तुम्हाला तर सगळीकडं ओट्यावर बसवून, तांब्याखाली ताटली ठेवून पाणी द्यायचे. आणि मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही सायकल काढून त्या घरी भांडायला गेला असता, मग सगळ्या औरादला कळलं असतं, की हा पोरगा पाण्यावरून रडतो. आमच्या गावातही बापाला असल्याच लोकांत राहायचं होतं. एकदा गोळा येऊन मी बाभळीखाली बसलो असताना तुम्ही वैतागून बोललात, "गोळा पायात न्हाई, तुझ्या डोक्यात यायलाय. मनातून पळतच न्हाईस तू." ते मला आजही टोचतं.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गुलबर्ग्याला विभागाची मोठी शर्यत होती. पहिले तिघे बंगळूरला जाणार, तिथं राहायचं, शिकायचं, पळायचं. आमच्या आळीतून तोवर कुणी बिदरच्या पुढं शिकायला गेलं नव्हतं. नियम एकच कडक: वाटेत कुणी पळणाऱ्याला हात लावला तर तो बाद. औरादहून जीप भरून माणसं आली होती, त्यात ते वेशीजवळचे सावकारही होते, त्यांचा मुलगा आखूड शर्यतीत होता. तुम्ही भाड्याची सायकल घेऊन लांबून माझ्या मागं येत होता. वाटेत लिंबाखाली पाण्याचे माठ ठेवलेले होते. एक माणूस तांब्यानं वरून धार धरायचा आणि पळणारे वाकून ओंजळीनं प्यायचे. सगळेच तसे पीत होते सर! कुणाला घर विचारलं जात नव्हतं. मीही वाकायला पाहिजे होतं. पण ती वरून येणारी धार दिसली आणि माझे पाय पुढंच गेले. माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि तरी गेले.

दुसऱ्या नंबरावर होतो. शेवटचा मैल राहिला होता. आणि पोटरीनं दगा दिला. मी रस्त्यावर आडवा झालो, धूळ तोंडात गेली. तुम्ही सायकल टाकून धावलात, नियम-बियम सगळं विसरून धुळीत मांडी घालून बसलात, माझा पाय मांडीवर घेतलात, गुडघा सरळ दाबून चवडा माझ्याकडं ओढून धरलात. मागून येणारी जीप थांबली होती. औरादची माणसं उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. इतक्यात स्कूटरवरचे पंच आले, वयस्कर कानडी गृहस्थ. त्यांनी क्षणभर बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवून म्हणाले, "बिडरी मास्तर, ना नोडिल्ल." सोडा मास्तर, मी काही पाहिलं नाही. इतका भला माणूस. तुम्ही घाईनं विचारलंत, "सुटला का रे? उठ, उठ, अजून तिसरा येतोस!" मी म्हणालो, "न्हाई सर." तुम्ही अजून ओढलंत. एक गेला, दुसरा गेला, मग पाच-सहा जण एकदम गेले. परतीच्या बसमध्ये तुम्ही एकच वाक्य बोललात, "म्या हात लावायला नको होता." त्यानंतर तुम्ही लांब पल्ल्याचा एकही मुलगा तयार केला नाहीत असं मला काकूंकडून कळलं.

तुम्ही गेल्यावर हट्टानं मी व्यायामशिक्षकाचा कोर्स केला आणि आता इकडच्याच एका शाळेत मुलांना पळवतो. माझ्या मुलांचं पाणी माझ्याच सायकलला बांधलेलं असतं, कुणाच्या दारात मी त्यांना पाठवत नाही. कोर्सला एका डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं होतं, पाणी प्यालो असतो तर गोळा आला नसता ना? ते म्हणाले, सांगता येत नाही. मीठ-पाणी कमी पडूनही येतो, आणि भरपूर पिणाऱ्यालाही येतो. सवयीपेक्षा जोरात पळालं, की दमलेला स्नायू आखडतो आणि सैल व्हायचं विसरतो. नेमकं कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. मी त्या दिवशी पहिले तीन मैल वेड्यासारखा पळालो होतो, तेही खरं. इतकी वर्षं मी त्या सावकारीणबाईंच्या तांब्याला दोष देऊन बसलो होतो, तो दोषही आता धड माझ्या हाताला लागेना. उपाय मात्र त्यांनी न अडखळता सांगितला: थांबवायचं, गुडघा सरळ ठेवून पाय हळूच ताणायचा आणि धरून ठेवायचं. म्हणजे तुम्ही केलंत तेच. मी वर्गात बसून खाली मान घातली.

काकू आता उदगीरला भावाकडं असतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवावं असं मनात येतं, पण त्यांना काय सांगू? त्या मला अजून बाळ म्हणतात. तेव्हा हे कुठंच जाणार नाही, माझ्याच ट्रंकेत राहील. पण लिहायला बसलोच आहे तर उरलेलं लिहितो. तुम्ही पाय मांडीवर घेतलात आणि दहा आकडे मोजायच्या आतच गोळा सुटला होता सर. पोटरी सैल पडली होती, ते मला कळत होतं, पंच तिकडं तोंड करून उभे होते आणि मी उठून पळू शकत होतो. पण तुम्ही धुळीत बसला होता, माझ्या मळक्या बुटाची टाच तुमच्या धोतरावर होती, आणि औरादची ती सगळी माणसं ते बघत होती. त्यांना अजून थोडा वेळ बघू द्यावं, असं मला वाटलं.