एवाल्डच्या गाडीची शिंगं

ओकाहांजा,
मे महिन्याचा पहिला आठवडा

तीर्थरूप मोठे बाबा,

तुमच्या धाकट्या भावाच्या धाकट्या मुलाचा, म्हणजे काउआरीचा, टोपी काढून नमस्कार. (टोपी खरंच काढली आहे. घरची विचारते, पत्राला टोपी दिसते का? मी म्हटलं, पत्राला नाही दिसत, मोठ्या बाबांना दिसते.) गुरं कशी आहेत? विहिरीच्या पंपाने यंदा दगा दिला नाही ना? पूर्वजांच्या विस्तवात निखारा राहतो आहे ना? आणि तुमचा गुडघा कसा आहे? गुडघ्याची चौकशी शेवटी केली म्हणून रागावू नका. आधी गुरं, मग विस्तव, मग माणूस, हा क्रम तुम्हीच आम्हाला लहानपणी काठीने शिकवलात.

पत्रास कारण की, मला मोटरसायकल घ्यायची आहे आणि ती नवी घ्यावी की जुनी, हे तुमच्या शब्दाशिवाय ठरत नाही. जर्मनीहून येणाऱ्या पाहुण्यांना मोठमोठ्या मोटरसायकलींवरून वाळवंट दाखवायचं, पुढे आपण, मागे ते, असं एक काम मला मिळतं आहे. अट एकच, महिनाअखेर स्वतःची दणकट गाडी हवी. हे काम पूर्वी तुमचा एवाल्ड करायचा. ते हातचं गेलं तर मी जन्मभर सिमेंटच्या वखारीत पोती मोजत बसणार, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला दुसरं कुणी हाक मारत नाही. तुम्ही म्हणाल, गाडी घेण्यात मला काय विचारायचं? तर बाबा, आपल्या घरात कोणतंही जनावर विस्तव राखणाऱ्याच्या शब्दाशिवाय येत नाही, आणि मोटरसायकल हे जनावर आहे, हा निकाल तुमचाच आहे.

एवाल्डला पुरलं त्या दिवसाचा विषय मी काढणार नव्हतो, पण काढल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. एवाल्डने आपला लाल-पांढरा बैल विकून ती गाडी घेतली, म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत. तीन हिवाळ्यांपूर्वी तो झोपेतच गेला. आपल्या रीतीने थडग्यावर त्याच्या बैलाची शिंगं लावायची, तर त्याच्या नावावर एक शेपूटसुद्धा नव्हतं. तुम्ही कितीतरी वेळ काठीवर हनुवटी टेकून उभे होतात. मग म्हणालात, "बैल नाही म्हणता? मग त्या गाडीची शिंगं काढा." सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पाना मी आणला. हँडल सोडवून थडग्यावरच्या बाभळीला बांधलं, तेही मीच. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ज्याने माझ्या पोराचा बैल घेतला, त्याच्या घरी दूध नासो. (आम्ही हल्ली दुधाची पावडर वापरतो. त्याची कारणं निराळी आहेत.)

आता नव्या गाडीचं. विंडहुकच्या शोरूममध्ये गेलो. तिथला हेल्मुट म्हणून एक गोरापान मुलगा आहे, अतिशय गोड बोलतो, मेलेल्या गाईलाही उठून चालावंसं वाटेल. मी आपल्या पद्धतीने गाडी पाहिली. कुशीला हात लावला, मागे जाऊन खुरं पाहिली, चार पावलं चालवून घेतली. हेल्मुट म्हणाला, ही गाडी स्वतः विचार करते. वाळूत चाक घसरायच्या आत हिला कळतं, तुम्ही कुठे आहात ते कळतं, दमलात तर तेही कळतं. एवढं तर माझ्या सासूलाही कळत नाही. किंमत वीस गाईंची. ते एक वेळ सोसेन, पण रंग राखाडी. आपल्या कुळाला राखाडी जनावर वर्ज्य, बिनशिंगी वर्ज्य. हेल्मुटला विचारलं, दुसऱ्या रंगाची? तो म्हणाला, "काका, हा रंग सगळ्यांना आवडतो." मी म्हटलं, "बाळा, आमच्यातल्या मेलेल्यांना आवडत नाही." तो हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. चालवूनही पाहिली. तक्रारीला जागा नाही. पण गावाबाहेर दहा मैल गेल्यावर मी ती परत फिरवली, कारण त्या गाडीवर कुणीच बसलेलं नाही असं वाटत होतं, मी धरून.

मग एवाल्डच्या बायकोकडे, आपल्या हिल्डेगार्डवहिनीकडे गेलो. गाडी तिच्याकडेच तीन वर्षं पोत्याखाली उभी होती. रंग लाल, कुशीवर पांढरा पट्टा, म्हणजे त्या बाजूने काही हरकत नाही. गेल्या महिन्यात तिने बाजारातलं स्वस्तातलं हँडल बसवून घेतलं, म्हणजे जनावराला खोटी शिंगं. मी म्हटलं, "वहिनी, विकता कशाला? राहू द्या आठवण." ती म्हणाली, "भाऊजी, आठवण एका जागी राहते. ही राहत नाही." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, चहा प्या. तिने महिनाभर चालवून बघायला दिली आणि फाटक माझ्यामागे जरा घाईनेच लावलं.

गाडी डावीकडे ओढते, हे मला पहिल्याच वळणावर कळलं. नवं हँडल, बसलं असेल वाकडं. गेर्सन मिस्त्रीकडे नेली. (तोच, ज्याने तुमच्या पंपाचा पट्टा उलटा बसवला होता. पण मोटरसायकलीत त्याचा हात धरणारा नाही.) त्याने दोरी लावली, पट्टी लावली, चाकं फिरवली, पोटावर झोपून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "गाडी सरळ आहे. तूच वाकडा बसतोस." परत येताना ती उजवीकडे ओढायला लागली. दोन दिवस असंच. दक्षिणेला निघालो की डावीकडे, उत्तरेला निघालो की उजवीकडे. तिसऱ्या दिवशी मी अंगणात काडीने नकाशा काढला तेव्हा उजेड पडला, गाडी ना डावीकडे ओढते ना उजवीकडे. ती पूर्वेला ओढते. पूर्वेला तुम्ही आहात, आणि तुमच्या वाड्याजवळची ती बाभळ आहे.

मी भित्रा नाही हे तुम्ही जाणता. (सापाचं सोडा, सापाला सगळेच भितात.) रोज संध्याकाळी गाडी भिंतीकडे तोंड करून ठेवतो, हँडलला कुलूप घालतो, किल्ली उशाशी. सकाळी कुलूप तसंच असतं आणि हँडल पूर्वेला वळलेलं असतं. घरची म्हणते, जमीन उताराची आहे. उतार पश्चिमेला आहे, पण मी वाद घातला नाही.

शेवटी म्हटलं, जाऊ दे हिला जायचं तिकडे. होखफेल्डच्या खडीच्या रस्त्याला लागलो आणि काय सांगू, हात सोडून बसावं इतकी सरळ चालली. होखफेल्डला पेट्रोल भरायला थांबलो. तिथे एक म्हातारी पिठाचे तळलेले गोळे आणि चहा विकते. मी तिला आयुष्यात पाहिलेलं नाही. तिने माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यामागे बघितलं आणि म्हणाली, "काय रे एवाल्ड, आज भावाला चालवायला दिलीस? बरं केलंस. मागे बसून रस्ता तरी दिसतो." मी म्हटलं, "आजी, मागे कुणी नाही." ती म्हणाली, "तू नको सांगूस, तू नवा आहेस," आणि दोन कप ठेवले, एकात साखर न घालता. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, मी नीट पाहिला. पण एवाल्ड बिनसाखरेचा प्यायचा, हे मोतीबिंदूला कसं कळणार? मी माझा चहा संपवला, एक गोळा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि पैसे द्यायला वळलो. पुन्हा पाहतो तो गोळा नाही. कुत्रं असेल. कुत्रं दिसलं नाही, पण कुत्र्यांचा काय भरवसा.

तिथून मी परत फिरलो. तुमच्यासमोर यायचा धीर झाला नाही, हे खरं कारण. येताना दोन्ही दंड भरून आले, पाण्यापासून तहानलेला बैल ओढून न्यावा तसं झालं. आणि सबंध रस्ताभर माझ्या पाठीला ऊब होती, वारा समोरून असताना.

तर बाबा, एकीकडे नवी, जिच्यावर कुणी नाही, आणि रंग वर्ज्य. दुसरीकडे जुनी, शिंगं खोटी, आणि माझ्याआधी बसलेला अजून उतरलेला नाही. थोरामोठ्यांनी सांगावं तसं करीन. लहानथोरांना यथायोग्य सांगणे.

आपला,
काउआरी

ता. क. हेल्मुटचा निरोप आला, तीच गाडी आता लाल रंगात मिळते. म्हणजे रंगाची अडचण मिटली. तरी मी त्याला नको म्हणून कळवलं. का, ते खाली लिहितो, कारण वर लिहायला चार दिवस हात वळला नाही.

ता. क. दुसरा. एवाल्डचा बैल मी घेतला होता. तो म्हणाला, "परक्याला दिला तर कापतील. तू ठेव, बाबांना सांगू नको, दोन-तीन वर्षांत सोडवून नेतो." थडग्यापाशी तुम्ही काठीवर हनुवटी टेकून उभे होतात तेव्हा बैल माझ्या सासऱ्यांच्या कुंपणात रवंथ करत होता. एक शब्द बोललो असतो तर तुमच्या पोराला त्याच्या बैलाची शिंगं मिळाली असती. मी बोललो नाही. भीती तुमची होती आणि लोभ बैलाचा, आणि ह्या दोहोंत मी पाना घेऊन पुढे झालो. त्याची मला लाज वाटते. बाबा, बैल एवाल्डचा आहे, तो घ्या, त्याची शिंगं बाभळीवर लावा. बाभळीवरचं हँडल मला द्या. मागणं एवढंच. नवी की जुनी, हा प्रश्न मला कधीच नव्हता.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं. सासऱ्यांकडून माणूस सांगत आला, बैल नाहीसा झाला. कुंपण शाबूत, फाटकाला कडी. खुरांचे ठसे होखफेल्डच्या रस्त्याला लागलेत आणि त्यांच्या पुढेपुढे, वाट दाखवावी तशी, एका मोटरसायकलीची दोन्ही चाकं उमटली आहेत. मी जाऊन पाहिलं, माझी गाडी कुलपात होती. इंजिन कोमट होतं.

पोस्टाला दहा दिवस लागतात, बैल त्याआधी पोचेल. दमलेला असेल, आधी पाणी द्या. मागोमाग मी गाडीवर येतो आहे. रीतीप्रमाणे तोंडात पाणी घेऊन, ते आलेल्यावर फुंकून विस्तवापाशी पूर्वजांना ओळख करून द्याल तेव्हा गाडीची करून द्यायला नको, तिला सगळे ओळखतात. एवाल्डचीही नको. माझी तेवढी नव्याने करून द्या.