चतकोर गोळी

प्रिय उषा,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलंय, लगेच पाघळू नकोस. मी लई चिडलेली आहे. आणि पिठाच्या डब्यात कागद निघाला म्हणून दचकू पण नकोस. गिरणीत डबे रांगेने ठेवले होते, तुझा मी लांबूनच ओळखला. झाकणावर आत्याबाईंचं नाव कोरलेलं आहे ना, गोजराबाई म्हणून. फोन केला असता, पण तुझा फोन वाजला की कैलासभावजी उचलतात, आणि मेसेज तुझ्याआधी तेच वाचतात. भिंतीवरून हाक मारली असती तर दोन्ही घरचे पुरुष एकदम खोकायला लागले असते. मग राहिलं काय, चौथी शिकलेल्या बाईने पेन धरायचं. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. मी परत लिहिणार नाही.

पहिलं सांगते, ढमीला दूध द्यायचं बंद कर. तू तिला सोनू म्हणतेस ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, रोज उजाडताना, "ये सोनू, ये गं बया." तिचं नाव ढमी आहे. आत्याबाईंनी, आपल्या सासूने ठेवलेलं नाव बदलायचा अधिकार तुला कुणी दिला. ती ओकतेय हे तुला ठाऊक असणारच, कारण आमच्याकडे एवढं ओकून उरलेलं ती तुझ्याकडेच ओकत असणार. इथं गोधडीवर झालं, ह्यांच्या चपलेत झालं, एकदा तर देव्हाऱ्यापुढं. आधी खाल्लेलं पडायचं, आता नुसता पिवळा फेस. मग पोट आत ओढून पिंपामागे बसते. हात लावायला गेलं की कळवळते. कालपासून तर ताटलीकडे येते, वास घेते आणि मागे सरते. आपली ढमी, जी सुकटीच्या वासाने पत्र्यावरून उडी मारायची, ती मागे सरते.

ह्यांना म्हटलं डॉक्टरकडे नेऊ. तर म्हणाले, मांजराला कुटं डॉक्टर असतो व्हय, गवत खाईल आन बरी व्हईल. कुठलं गवत खाईल. गवत होतं तिथं आता आपल्याच भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत, आणि पुढं त्या बिल्डरच्या इमारती. स्वतःला मिसळ खाल्ली की छातीत आग होते, तेव्हा पित्ताची गोळी शोधत अख्खं घर डोक्यावर घेतात, तेव्हा नाही गवत आठवत. मी काही ऐकलं नाही. कोंबड्यांचं डालगं घेतलं, ढमीला आत घातली, वरून जुनं लुगडं बांधलं आणि रिक्षाने थेट हिंजवडी. रिक्षावाला मागे बघून म्हणतो, मावशी, कोंबडी हाय का लेकरू. ढमी असली ओरडत होती.

डॉक्टरीणबाई पोरगेलीच होती, पण हात बरा होता. पोट चाचपलं, तोंड उघडून बघितलं, सुई दिली. मग विचारते, काकू, ही खाते काय. म्हटलं, आमच्याकडे भाकरीचा चुरा, सुकटीची मुंडकी, कधी चिकनचं कातडं. म्हणाली, आणि बाहेर? म्हटलं, बाहेर म्हणजे जावेकडे. काय देते जाऊ? आता मी काय सांगू. मला नुसतं तुझ्या पातेल्याचं वाजणं ऐकू येतं, आतलं दिसत नाही. म्हटलं, आमच्यात बोलणं न्हाई. ती म्हणाली, "काकू, मला अर्ध्या मांजराचंच सांगताय तुम्ही. पोट तर हिला एकच आहे." उषा, मला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. उत्तर मला रिक्षात आलं, पण तेव्हा ऐकायला फक्त ढमी होती.

तर औषध असं आहे. आम्लाची गोळी, पांढरी, बारकी. तिचा चतकोर तुकडा, रोज सकाळी अनशापोटी. वरून बिनसुईच्या पिचकारीने पाणी पाजायचं, नाहीतर गोळी घशात चिकटते. मग अर्धा तास काही द्यायचं नाही. त्यानंतर मीठ न घातलेलं चिकन उकडून मऊ भातात कालवून, थोडं थोडं. दूध नाही, साय नाही, सुकट नाही, तळलेलं नाही. झालं, एवढंच. एवढ्यासाठी मी गेले कित्येक दिवस जळतेय, कारण अनशापोटी ह्या एका शब्दावर सगळं अडलंय. मी उठून चूल-पाणी करते तोवर बाईसाहेब भिंतीखालच्या मोरीच्या भोकातून तुझ्याकडे जाऊन, साय चाटून, मिशा पुसत परत आलेल्या असतात. रात्री कोंडून ठेवून बघितली. दाराला नखं मारून असा गोंधळ घातला, की सकाळी भाडेकरू विचारायला आले, काकी, घरात बाळ आलंय का. आणि दार उघडलं रे उघडलं की माझ्या पायांतून निसटून पहिलं तुझ्या अंगणात.

बरं, सापडली तरी गोळी द्यायची कशी. ह्यांना म्हटलं, तुम्ही धरा. गावात पॅनेलच्या मीटिंगला छाती काढून बसणारा माणूस, मांजराला असं धरलं जसं काही तापलेला तवा. डोळे मिटून. तिने नुसतं फुस्स केलं तर सोडून दिली आणि मलाच म्हणतात, तुला नीट टाकता येत न्हाई. एकटीने पोत्यात गुंडाळून दिली तर माझ्या दोन्ही हातांची चाळण झाली. आणि गोळी गिळली म्हणून मी खूश, तर नंतर पिठाच्या पिंपाजवळ पडलेली. गालात धरून ठेवली होती, मी वळल्यावर थुंकली.

ती गोळी हातात घेऊन मला कोण आठवलं असेल सांग. आत्याबाई. त्या पण अशाच. शेवटच्या आजारात गालात गोळी धरून देवासारख्या बसायच्या, आणि आपण वळलो की उशीखाली. चादर झटकताना तुला कितीतरी सापडल्या होत्या, तू रडायला लागलीस, आणि मी त्यांच्यावर ओरडले तर त्या म्हणाल्या, सुलक्षणे, तू दिलेली गोळी कडू लागती, उषीनं धरलं तर जाती. मला तेव्हा राग आला होता. पण खरं होतं. तू मागून त्यांना कवेत घ्यायचीस, हनुवटीखाली हात धरायचीस आणि कानात काहीबाही सांगत बसायचीस, तुझ्या माहेरच्या म्हशीचं, कुणाच्या लग्नातल्या फजितीचं. त्या हसायला तोंड उघडायच्या आणि मी गोळी टाकायची. तू धरायची, मी टाकायची. त्यात आपलं कधी चुकलं नाही. ढमी तेव्हा एवढीशी, त्यांच्याच गोधडीत जन्मलेली, त्यांच्या पोटावर बसून सगळं बघत असायची. तिथंच शिकली असणार गालात धरायला.

आता ज्याच्यामुळे पेन हातात घेतलं ते ऐक. परवा ती आमच्या उंबऱ्यात ओकली. पुसायला बसले तर फेसात गुलाबी तुकडा. माझी गोळी पांढरी. गुलाबी आली कुठून. उषा, आपली चूल एक होती तेव्हा दोघा भावांच्या पित्ताच्या गोळ्या एकाच डब्यात असायच्या, ह्यांची पांढरी, भावजींची गुलाबी. जेवणाआधी कुणाला कुठली द्यायची हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. गुलाबी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. साठ-सत्तर किलोच्या गड्याची गोळी त्या एवढ्याशा जिवाला. सायीत दडवून दिली असशील, मला माहीत आहे तुझी पद्धत. डॉक्टरीणबाईला फोन केला तर ती माझ्यावरच उसळली. म्हणाली, ती गोळी वरून सालीची असते, मोडायचीच नसते, आणि माणसाचं औषध आपल्या मनाने कुणी द्यायला सांगितलं. म्हटलं, मी न्हाई, जावेनं. तर म्हणते, काकू, तुम्ही दोघी मिळून तिला मारताय. माझ्या वाट्याचं बोलणं मी खाल्लं. तुझ्या वाट्याचं पण मीच खाल्लं. ते हे मी तुला पोचतं करतेय.

आणि दोघी मिळून कसल्या. मिळून काही करत असतो तर ही वेळ आली असती का. टाकीतलं पाणी कुणाच्या भाडेकरूंनी संपवलं ह्यावरून भावाभावांची जुंपली. त्यात तू होतीस का. मी होते का. आपण आत शेंगा सोलत होतो. बाहेर भिंतीचा पाया खणला गेला तेव्हा तू मला म्हणालीस, आक्का, आता काय करायचं गं. आणि दुसऱ्या दिवसापासून तुझं तोंड फिरलं. नवऱ्याने सांगितलं बोलू नको, की हिने मान खाली घातली. भांडण त्यांचं आणि अबोला आपल्याला. ते दोघे तर वडाखाली एकाच पारावर बसतात, शेजारी शेजारी, एकमेकांशी बोलत नाहीत पण तंबाखूची पुडी सरकवतात. मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्याला तेवढीही सोय नाही. हळदीकुंकवाला मी आत आले की तू उठून मागच्या दाराने जातेस. तुझी पाठ बघून बघून मला पाठ झाली.

मग मी पण काय केलं, ढमी तुझ्याकडे जाऊ नये म्हणून सुकटीची मुंडकी टाकायला लागले. तू बघितलंस ती येईना, तर साय काढायला लागलीस. मी चिकनचं कातडं आणलं. तू तर बोंबील तळलेस, वास आला होता. डॉक्टरीणबाईने विचारलं, अचानक एवढं तेलकट कुणी चालू केलं, तेव्हा मी छताकडे बघत होते. दोन घरं आहेत ह्याचं ढमीला बिचारीला सुख वाटलं असेल. आपण दोघींनी आपला राग तिच्या पोटात साठवला.

काल मी मोरीच्या भोकापाशी वीट घेऊन उभी राहिले. म्हटलं, हे एकदा बुजवून टाकावं म्हणजे औषध तरी नीट लागेल. खाली वाकले. पलीकडून तुझं लुगडं दिसलं, म्हणजे साडीचा काठ, तो जांभळा, आपण दोघींनी सारखा घेतलेला. तू पण तिथंच बसलेली होतीस. हलली नाहीस. मी पण हलले नाही. मग मी वीट परत पिंपाखाली लावून टाकली. वाटणीच्या वेळी ह्या पुरुषांनी पराती मोजल्या, घमेली मोजली, आत्याबाईंच्या गोधड्यासुद्धा मोजल्या. मांजर कुणी मोजलं नाही. म्हणून तेवढं एकच आपल्या दोघींचं राहिलं, आणि आता ते खात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, मांजर उपाशी राहिलं की लगेच लिव्हरवर येतं, आज-उद्यात पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर आणून सलाईन लावा, आणि तेव्हाही ती वाचेलच असं मी सांगू शकत नाही.

म्हणून हे लिहिलंय. माझ्याच्याने एकटीने होत नाही. हे तुला सांगताना माझे दात आवळलेत, पण होत नाही. आज रात्री ती तुझ्याकडे आली तर तिला पाण्याशिवाय काही दाखवू नकोस, माझ्याकडे आली तर मी दाखवणार नाही. उद्या उजाडताना मी चतकोर गोळी, पिचकारी आणि भाताचं पातेलं घेऊन येतेय. मागच्या दाराने नाही, मोरीच्या भोकाशी वाकून नाही, पुढच्या दाराने येणार आहे, गल्लीतून चालत, सगळ्यांच्या समोर. ह्यांना मी सांगितलंय, म्हणजे विचारलेलं नाही, सांगितलंय. भावजींना तू सांग, नाहीतर मी आल्यावर सांगेन, आणि माझा आवाज कसा आहे ते त्यांना ठाऊक आहे. दाराला कडी असली तर मी उंबऱ्यात बसून राहीन, भात निवला तरी उठणार नाही. तू फक्त तिला मागून कवेत घे, हनुवटीखाली हात धर आणि कानात सांग काय सांगायचं ते. म्हशीचं सांग. मी टाकते. आणि दूध अजिबात तापवू नकोस, वासाने ती वेडी होते. मला कोरा चहा चालेल.

अजून चिडलेली, तरी तुझीच,
आक्का