पीचच्या काड्या

रविवार, जानेवारी. कुरवंडे.

अजून किळस जात नाही. शेजारच्या भाड्याच्या बंगल्यातल्या पाहुण्यांनी काल शेकोटीवर पनीर भाजलं आणि ते टोचायला माझ्या पीचच्या फांद्या वापरल्या. सकाळी कुंपणापाशी पडलेल्या सापडल्या. तेलकट, मसाला थापलेल्या, आणि मसाल्याखाली करपलेल्या कळ्या. तीन हिवाळे जपलेलं झाड यंदा पहिल्यांदाच फुलणार होतं.

बंगल्याची राखण करणाऱ्या दत्तूला विचारलं. म्हणाला, "मीच दिल्या तोडून, मावशी. पान न्हाई, काय न्हाई. मला वाटलं, वाळलंय."

खोटं. थंडीत हे झाड असंच उघडं असतं, हे गेल्या वर्षी मीच त्याला दाखवलं होतं. पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं, दुसरं काय?

दुपारी त्याने उरलेलं पनीर ताटलीत घालून पाठवलं. कसं सुचतं माणसाला? पुन्हा तोच मसाल्याचा वास. ताटली तशीच परत केली.

संध्याकाळी खोडाची साल नखाने जराशी खरवडून पाहिली. आत हिरवं आहे, म्हणजे झाड जिवंत आहे. मग करवंदीच्या काटेरी फांद्या आणल्या आणि खोडाभोवती घट्ट बांधल्या. थंडीसाठी नव्हे.