खालून की वरून?

प्रिय लोरेटा,

नव्या बेसबॉल स्टेडियमच्या उद्घाटनाची पुस्तिका तुलाही आली असेल. नववं पान उघड, पण आधी हातातली कॉफी खाली ठेव. ‘जुन्या मैदानावरचा पहिला होमरन : रॉय हॅगर्टी, जून १९४८.’ रॉय! तो उगवला आपल्यानंतर तीन आठवड्यांनी. तोवर तिथे काय कोंबड्या चरत होत्या?

नवं मैदान झालं की आधी आपल्या बायकांच्या संघांना सोडायचे. खडे आपण वेचायचे, मग पुरुष खेळणार. एका गावी बाकांचा रंग ओला, दोन्ही संघ पाठीवर हिरवे पट्टे घेऊन खेळले. दुसरीकडे नवी हिरवळ चटईसारखी सरकली आणि माझा गुडघा फुटला. वर आमचा मॅनेजर म्हणतो, “विल्मा, स्कर्ट झटक, फोटोवाला आलाय!”

आणि आमच्या गावात, याच जुन्या मैदानावर, तर कडेची भिंतच बांधलेली नव्हती. नुसता दोर ताणलेला. चेंडू वरून गेला तर होमरन, खालून गेला तर दोनच बेस, असं पंचांनी सकाळीच बजावलं होतं. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, तुमची एक मुलगी पहिल्या बेसवर, आणि तू तो फटका मारलास.

पहिला होमरन लोरेटाचा, असं सांगत मी स्टेडियमच्या कचेरीत फोन करून चांगलं फैलावर घेतलं त्यांना. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, सामन्याच्या नोंदीत लोरेटाबाईंचे दोनच बेस आहेत. नोंद खोटं कशाला बोलेल?” मी फोन ठेवला आणि कागद-पेन काढलं.

नोंद खोटं बोलली नाही. मी बोलले. पंचांच्या डोळ्यांवर ऊन होतं. ते ओरडले, “खालून की वरून?” दोराशी मी एकटीच. चेंडू माझ्या डोक्यावरून, दोरावरून गेलेला. मी म्हणाले, “खालून!” दुसऱ्या बेसवरून तू किंचाळलीस, “ए नन्सच्या लाडके, घे शपथ!” कॉन्व्हेंटमध्ये आठ वर्षं काढलेल्या मी छातीवर क्रूस काढून शपथ घेतली. तुमच्या दोन धावा बुडाल्या आणि सामना आम्ही जिंकलो. पन्नास वर्षांत तू एकदाही तो विषय काढला नाहीस, याचाही मला संतापच आहे.

हे सगळं सहीनिशी लिहून कचेरीला आणि वर्तमानपत्राला काल पाठवलं. उद्या छापून येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र शेजारच्या मुलीच्या हाती पाठवतेय. उद्घाटनाचा पहिला चेंडू मला टाकायला सांगितलाय. तो तू टाकायचास. शनिवारी दहाला गाडी घेऊन येते. दार उघडलं नाहीस तर शेजारीपाजारी जमेपर्यंत हॉर्न वाजवीन.

तुझीच, खोटी शपथ घेणारी,
विल्मा