कापल्या गेलेल्या वेलांटीबद्दल मावशीस

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझा गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे हा नमस्कार प्रत्यक्षापेक्षा कागदावरच जास्त नीट पडला आहे असं समज.) ताईची तब्येत कशी आहे? बाळ दूध नीट पितं का? बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हापासून मला त्या जिवाची काळजी लागून राहिली आहे. तुझी कंबर, तुझा चष्मा आणि ताईच्या सासूबाईंशी असलेलं तुझं बोलणं ही तिन्ही शाबूत असतील अशी आशा करतो.

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. फोनवर काका शेजारीच बसलेले असतात म्हणून तू मला पत्राने विचारलंस, की तुझे यजमान रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात का, ते खरं खरं कळव. कळवतो. मागे आठवडाभर गोळ्या चुकल्या आणि काका न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, ते आपण तिघेही विसरलेलो नाही, त्यामुळे तुझ्या जिवाला घोर लागणं साहजिक आहे. पण एका शब्दात उत्तर दिलं तर तुझा गैरसमज होईल, आणि फोनवर सांगायला जावं तर पहिल्या वाक्यानंतर तू मला बोलू देणार नाहीस. म्हणून जरा मागून येतो. चष्मा पुसून घे.

तू ताईकडे निघालीस त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुझा आवाज भरून घेतला होता, आठवतंय ना? काका दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसतात, तेव्हा गोळीची आठवण कॉम्प्युटरनेच करावी अशी माझी योजना होती. सकाळी अकराला आणि दुपारी चारला पत्ते बाजूला सरकणार आणि तुझा आवाज येणार, अहो, गोळी घेतलीत का. खाली दोन बटणं, एक 'घेतली' आणि एक 'घेतो'. 'घेतो' दाबलं की तू म्हणणार, घेतो म्हणजे कधी, उठा आधी. 'घेतली' दाबलं की दहा सेकंद शांतता, मग तू म्हणणार, खरं सांगा. (ही दहा सेकंदं तुझीच सूचना होती आणि ती अचाट आहे.) मग पाकिटात किती गोळ्या उरल्या तो आकडा भरायचा. तो मागच्या खेपेपेक्षा एकने कमी भरला तरच पत्ते परत मिळणार. या प्रोग्रामला मी 'गोळी' असं साधं नाव दिलं होतं. तो मी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत तयार केला आणि तिथल्याच एका फोल्डरमध्ये ठेवला, इथपर्यंत माझी चूक मला मान्य आहे.

आता आमच्या वजनमापे कार्यालयाकडे येऊ. पाच मजले आणि चारशे बारा कॉम्प्युटर. दुकानदारांची वजनं-मापं तपासून आल्यावर निरीक्षकांनी माहिती भरायची, ती एकत्र गोळा व्हायची, म्हणून वरिष्ठांनी 'गोळा' नावाचा नवा प्रोग्राम पाठवला आणि तो सगळ्या कॉम्प्युटरवर चढवायला मला सांगितलं. एकेका टेबलाशी जाऊन चढवायचा तर माझ्या गुडघ्याने राजीनामा दिला असता. पण त्याची गरज नसते. तिसऱ्या मजल्यावर एका कपाटाएवढ्या खोलीत सर्व्हर आहे. त्याच्यावर एकदाच धोरण लिहून ठेवायचं, की अमुक प्रोग्राम सगळ्यांना लागू. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने कॉम्प्युटर सुरू केला, की त्याचं नाव-गाव विचारण्याआधीच कॉम्प्युटर तो प्रोग्राम गुपचूप आणून बसवतो. कोणाला विचारत नाही, आणि कोणाला तो काढता येत नाही. मुख्य कार्यालयाचं धोरण खात्याला, खात्याचं विभागाला, विभागाचं टेबलाला आपोआप लागतं. तुला हे समजायला जड जाऊ नये. ओल्या पायांनी आत यायचं नाही, हे तू एकदाच स्वयंपाकघरातून म्हणाली होतीस, आणि गेली वीस वर्षं आपल्याकडे दूधवालासुद्धा पाय झटकून उभा राहतो.

तर त्या फोल्डरमध्ये 'गोळा' आणि 'गोळी' एकाखाली एक होते. सर्व्हरचा पडदा जुना, अक्षरं मोठी, ओळी अरुंद, त्यामुळे प्रत्येक नावाचा वरचा भाग कापला जात होता. आता 'गोळा'ची मात्रा कापली तर काय उरतं? गाळा. आणि 'गोळी'ची मात्रा आणि वेलांटी दोन्ही कापली तर? तोही गाळा. मला यादीत दोन गाळे दिसले. मी मनात म्हटलं, वरिष्ठांना शुद्धलेखन येत नाही, आणि वरचा गाळा कार्यालयाला लावला. खालचा पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळी काकांच्या कॉम्प्युटरवर बसवला. तेव्हा काका शेजाऱ्यांकडे गेले होते, मीही घाईत होतो, उघडून पाहिलं नाही. मावशी, यादीत वरती वेलांटीवाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चारशे बारा कॉम्प्युटर एकदम म्हणाले, अहो, गोळी घेतलीत का. एकदम म्हणजे अगदी एकदम नाही, थोडे मागेपुढे, त्यामुळे तळमजल्यावर निघालेली तू पाचव्या मजल्यापर्यंत चढत गेलीस. पहिल्या मजल्यावरचे नऊ निरीक्षक जागच्या जागी उभे राहिले. एकाने तंबाखूची डबी खणात टाकून खण बंद केला. लेखनिकांपैकी एक अविवाहित आहे, तो कानापर्यंत लाल झाला आणि हळूच 'घेतो' म्हणाला. साहेबांनी मला फोन करून दबक्या आवाजात विचारलं की आपल्याकडे कोण आलंय. फक्त आवक-जावकच्या बाई शांत होत्या. त्या मला म्हणाल्या, सव्वीस वर्षं मी घरात सगळ्यांना हेच विचारतेय, मला आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी धावत (म्हणजे माझ्या परीने) तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि धोरण मागे घेतलं. काही उपयोग झाला नाही. धोरण लिहितानाच तिथे एक चौकट असते, की धोरण मागे घेतल्यास प्रोग्रामही काढून टाकावा. तिच्यात खूण करायची राहिली होती. खूण नसली की धोरण जातं आणि प्रोग्राम राहतो, जसं तू ताईकडे गेलीस तरी पाय अजून झटकले जातात. आता सगळीकडून काढायचा तर वेगळं धोरण हवं आणि त्याला साहेबांची सही हवी. साहेबांनी मला एकच विचारलं, हे वरून आलंय का. सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि साहेब दुसऱ्यावर बसतात. मी हो म्हणालो. वरून आलेलं काढायला सही करण्याइतके आमचे साहेब वेडे नाहीत.

मग जे झालं ते वरून आलेल्या प्रत्येक गोष्टीचं होतं तेच. परिपत्रक निघालं. प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःची गोळी बाळगावी आणि ज्यांना कोणताही आजार नाही त्यांनी तसं लेखी कळवावं. एकशे नव्वद जणांनी कळवलं, त्यांना शिस्तीचा अभाव म्हणून ताकीद मिळाली. त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या. आता आमचं खातं पडलं वजनमापांचं, त्यामुळे निरीक्षकांनी त्या प्रमाणित तराजूवर तोलल्या आणि गोळ्या-गोळ्यांत तफावत असल्याचा तीन पानी अहवाल दिला. कोणीतरी पाकीट संपल्यावर प्रामाणिकपणे शून्य भरलं, तर तू त्याला म्हणालीस, संपल्या, आणि हे आत्ता सांगताय. तो माणूस अर्धा दिवस रजा टाकून घरी गेला. उपसाहेबांनी हरकत घेतली की महिला कर्मचाऱ्यांना 'अहो' म्हणणं योग्य नाही. समिती बसली. समितीचा निष्कर्ष असा, की त्या आवाजातल्या बाईंचा सूर पाहता त्या कोणालाच सोडत नाहीत, तेव्हा भेदभाव सिद्ध होत नाही. मात्र अकरा आणि चार या दोन्ही वेळांना सगळे आपापल्या टेबलाशी हजर असतात, हे खात्याच्या इतिहासात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, कारण तू पानं उलटायला लागली असशील. घरच्या कॉम्प्युटरवर गेला होता तो 'गोळा'. तो गोळीचं नाव काढत नाही, तो विचारतो की आपल्या ताब्यातील वजने व मापे यांचा तपशील द्या. काकांना वाटलं ही तुझीच काहीतरी नवी युक्ती, म्हणून त्यांनी निमूटपणे स्वयंपाकघर मोजायला घेतलं. ऑफिसच्या गोंधळात घरी काय बसलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्रेसष्ट नोंदी झाल्या होत्या. पातेली, पळ्या, पाट, झाकण हरवलेले डबे. तुझ्या मापाच्या वाटीपुढे शेरा होता, माप कमी भरते, परंतु मालकीणबाईंच्या परवानगीशिवाय बदलू नये. गोळ्यांचं पाकीट मात्र जसंच्या तसं होतं. तीन दिवस त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती. मावशी, याबद्दल काय बोलायचं ते मला बोल, त्यांना नको. मी त्यांना तिथल्या तिथे गोळी दिली, डॉक्टरांकडे नेलं, रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, आणि परत येताना रिक्षात सगळं कबूल केलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, म्हणजे ती तुमच्या ऑफिसात आहे?

दुसऱ्या दिवसापासून काका आमच्याकडे येतात. पावणेअकराला, इस्त्रीचा शर्ट, खिशात पाकीट, हातात पाण्याची बाटली. दारावरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' या रकान्यात ते 'घरगुती' असं लिहितात. आवक-जावकच्या बाईंच्या टेबलाशेजारी बाक आहे, तिथे बसतात. अकराला तू विचारतेस, ते गोळी घेतात, मग 'खरं सांगा' येईपर्यंतची दहा सेकंदं ताठ बसून राहतात आणि आवाज आला की पाकिटातली रिकामी खाच पडद्यासमोर धरतात. बाई आकडा भरतात. मग चारपर्यंत पेपर वाचतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गोळ्यांची चौकशी करतात. साहेब त्यांना मुख्यालयातून आलेले कोणी समजतात आणि उठून उभे राहतात. सुट्टीच्या दिवशी मी घरी जाऊन तुझ्या आवाजाची नक्कल करतो. ते गोळी घेतात, पण माझ्यावर उपकार केल्यासारखी. तर उत्तर असं, की तीन दिवस सोडले तर काकांनी एकही गोळी चुकवलेली नाही, आणि परवा रक्तदाब अगदी व्यवस्थित होता.

तेव्हा तू निश्चिंत राहा. ताईला अजून हाताशी माणूस हवं आहे, तू ठरवल्याप्रमाणे आणखी महिनाभर राहा, इकडची मुळीच घाई करू नकोस. ताईला आठवण सांग, बाळाच्या त्या नाकाला हलकेच हात लाव.

तुझा भाचा,
(ऑफिसात ज्याला वायरवाला म्हणतात तो)

ता. क. मुख्यालयाने त्यांचं स्वतःचं नवं धोरण पाठवलं आहे. वरचं धोरण आलं की खालच्याचं काही चालत नाही. एक तारखेला सकाळी त्यांच्या यादीत नसलेलं सगळं सगळ्या कॉम्प्युटरवरून आपोआप पुसलं जाईल. तू यादीत नाहीस. आवक-जावकच्या बाईंनी अर्ज केला होता, तो फेटाळला गेला.

ता. क. २. तू विचारशील की मग घरी खरा 'गोळी' का नाही बसवत. बसवला होता. काकांनी तो दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावला. म्हणाले, घरात तिचा आवाज आला की मी वळून बघतो, आणि कोणी नसतं. ऑफिसात ती सगळ्यांनाच बोलते, त्यामुळे मनाला लागत नाही. फोनचं विचारलं, तर म्हणाले, बाळ उठेल म्हणून ती फोनवर कुजबुजते, कुजबुजणारी बाई कोणाचीही असू शकते. म्हणून वर मी महिनाभर राहा असं लिहिलं आहे ते शिष्टाचार म्हणून सोडून दे, आणि एक तारखेच्या आत ये. ताईकडे हवं तर मी जाऊन राहतो, मला दुपटी धुता येतात.

ता. क. ३. काकांनी हे पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. वजनमापांचा भाग त्यांना बरोबर वाटला. दुसरा ता. क. संपूर्ण खोडून टाक, तिला तिकडे लेकीजवळ राहू दे, असं त्यांनी बजावलं. मी खोडतो म्हणालो आणि तसंच पाकिटात घालतो आहे. आत्ता मी चपला घालत असताना त्यांनी आतून विचारलं, की तीस तारखेची गाडी इकडे किती वाजता पोचते.