किल्ली कुणाच्या खिळ्याला

३ फेब्रुवारी
सकाळी सगळ्यांची विचारपूस. हिला म्हटलं, गुडघा कसा आहे? "तुमी इचारलं की दुखायला लागतोय." म्हणजे बरा आहे. जुना दोस्त पायगोंडा, त्याला फोन. त्याचं बीपी ठीक, तोंड त्याहून ठीक. नातीच्या लग्नाचं अर्धा तास ऐकवलं. सगळ्या गावाची अक्का टाकीपाशीच भेटली, तिचं दारच समोर. नाक गळतंय, पण म्हैस पंधरा-वीस दिवसांत विणार. एकटीनं मळा बघायचा, स्वतःकडं बघायला सवड कुठली.
शेवटी टाकीची तब्येत. चाकात हवा, पाइपला भेग नाही, बॅटरी जिवंत. आग लागली की गावाला एवढाच आधार: सदाचा ट्रॅक्टर, मागं टाकी, टाकीवर पंप. टाकी भरली, तिची किल्ली माझ्या दारच्या खिळ्याला. आता चहा.

७ फेब्रुवारी
दुपारी माळावरच्या उसात विजेच्या तारेची ठिणगी. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला. सदा भरल्या ताटावरून उठला, हाताला आमटी तशीच. दहा मिनिटांत पाणी सुरू. चार सऱ्या गेल्या, फड वाचला. मालक परगावचा, रडायलाच लागला. सदा म्हणाला, "रडू नगा पावणं, च्या सांगा."
उरलेलं पाणी शाळेच्या झाडांना. मग पुन्हा भरून आणली. टा. भ., कि. खि.

११ फेब्रुवारी
टा. भ., कि.
पायगोंडा आला. उद्या लग्न आणि आज बोअरची मोटर जळाली. "उद्या दोन तास टाकी दे."
म्हटलं, गड्या, आगीची आहे ती.
"माझ्या नातीच्या मांडवात तू न्हाय म्हणणार? तू?"
दिली किल्ली. याआधी बारशाला दिली, जत्रेला दिली, एकदा घर सारवायला पण. कधी काही झालं नाही. आणि तोंडावर नाही म्हणायचं मला या जन्मी तरी जमायचं नाही.

१२ फेब्रुवारी
दुसरी पंगत उठली आणि अक्काच्या मळ्याकडं धूर. शेजारच्या रानात पाचट पेटवलं होतं, वारं फिरलं. सदानं मांडवातूनच ट्रॅक्टर काढला, मी मागं लटकलो. पंप सुरू केला. पाइप दोनदा खोकला, कळशीभर पाणी आलं, मग नुसती हवा. दोन पंगतींनी हात धुतले होते आमच्या पाण्यानं.
बायका लग्नातल्या साड्या खोचून विहिरीवर उभ्या. पायगोंडा फेट्यासकट बादल्या ओतत होता. कडब्याची गंजी गेली. गोठ्याचं छप्पर गेलं. म्हशीचं दावं अक्कानं विळ्यानं कापलं, म्हणून म्हैस आहे.
मी पुढं गेलो. अक्काच म्हणाली, "मन मोठं हाय तुमचं, तात्या. टाकी रिकामी हुती."
तेवढंच.

१३ फेब्रुवारी
अक्का इचलकरंजीला लेकीकडं गेली. म्हैस आमच्या गोठ्यात बांधली. सगळं बोलणं हिच्याशी, माझ्याकडं पाहिलं नाही.
विचारपूस केली नाही आज. संध्याकाळी हीच म्हणाली, "गुडघ्याचं इचारायचं ऱ्हायलं की."

१६ फेब्रुवारी
पायगोंडा कडब्याची गाडी घेऊन अक्काच्या मळ्यात. मागोमाग कुणी वीस पेंढ्या, कुणी पाच. शाळेच्या शिपायानं एक आणली, लाजत. सांजपर्यंत गंजी पहिल्यापेक्षा उंच. सदा म्हणतो, "आता म्हशीला वाटंल लगीन तिचंच हुतं." छपराला पत्रे उद्या.
फार दिवसांनी पोटभर हसलो. अक्काला फोन केला, तिनं उचलला नाही.
टा. भ., कि. खि.

१९ फेब्रुवारी
देवळात बैठक. ठरलं, यापुढं मांडवाला टाकी नाही, कुणाच्याही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी उभा राहिलो. म्हटलं, नियम आधीही होता, किल्ली माझ्याकडं होती म्हणून तो मोडला. किल्ली अशाकडं द्या ज्याला नाही म्हणता येतं.
"असं कोण हाय गावात?"
म्हटलं, अक्का.
सदा हसला, मग सगळेच. अक्कानं सख्ख्या भावाला शिडी दिली नव्हती, "आधी मागची आणून द्या" म्हणून! पायगोंडा म्हणाला, "तिच्याकडं किल्ली गेली तर माझी हिंमत न्हाय मागायची." ठरलं तर. फक्त तिला विचारायचं राहिलंय.
विचारणार कोण? सगळे माझ्याकडं बघतात.

२२ फेब्रुवारी
पहाटे म्हैस व्याली. रेडी. हिनं पहिला खरवस केला, अक्काचा वाटा डब्यात. सदा दुपारी एसटीनं इचलकरंजीला जाणार आहे, डबा आणि चिठ्ठी त्याच्याकडं. चिठ्ठी इथं उतरवून ठेवतो:

"अक्का, सर्दी गेली का? लेक, जावई, नातवंडं बरी आहेत ना? तुझी म्हैस सुखरूप, रेडी कपाळावर पांढरा ठिपका घेऊन आलीय. छप्पर झालंय, गंजी भरलीय, त्यात माझ्या पेंढ्या थोड्याच, गावाच्या फार. त्या दिवशीचं माझ्यानं भरून निघणार नाही, ते मला ठाऊक आहे. टाकीची किल्ली तुझ्या दारी असावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे, सगळ्यात आधी माझं. तुला न विचारता तुझ्या चौकटीला हात कसा लावू? खिळा आणि हातोडी पिशवीत घेऊन हिंडतोय. हो म्हण, नाहीतर नाही म्हण, ते तर तुला छान जमतं. पण सदाच्या हाती दोन ओळी लगेच लिहून दे. तो परत येईपर्यंत मी स्टँडवर थांबतोय."